माझा आजार संध्याकाळी यायचा

दवाखान्यात जायचं म्हटलं की आपण आधी आंघोळ करतो, बरी साडी नेसतो, केस नीट विंचरतो, आणि मग आजारी आहोत म्हणून सांगायला जातो. या सवयीनं माझं अर्धं वर्ष खाल्लं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. ज्यांना डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात की तुम्हाला काही झालेलं नाही, आणि तरी ज्यांना माहीत असतं की काहीतरी झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मांडा फाटला

मी मंगला, पाचोऱ्याची. माझी मोठी नणंद अक्का आणि मी, आम्ही दोघी ऑर्डरप्रमाणे मांडे करून देतो. अक्काचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. ज्यांनी मांडे करताना पाहिलेले नाहीत त्यांना सांगते. पुरण भरलेला उंडा आधी हातावर थापायचा, मग दोन्ही हातांवर झेलत, फिरवत तो मोठा करत न्यायचा, पार कोपरापर्यंत पसरेल एवढा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. सगळा खेळ उचललेल्या हातांचा. अक्कानं मला हे शिकवलं, तेही माझ्या चुकांची यथेच्छ टिंगल करत.

अक्का तोंडानं तिखट आहे. चुलीसमोर घामाच्या धारा लागल्या तरी ऑर्डरच्या दिवशी ती पाण्याचा घोट घेत नाही. विचारलं तर आपल्या अहिराणीत म्हणते, "सवय शे." मला तो तिचा करारीपणा वाटायचा आणि आतून थोडा धाकही वाटायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मांड्यांची झुंबड असते. माहेरी आलेल्या लेकींसाठी घरोघर पुरण शिजतं आणि ज्यांना मांडे जमत नाहीत ते आमच्याकडे येतात. मागच्या आखाजीला दुपार कलली तेव्हा माझ्या हातावरचा मांडा मधोमध फाटला. मग दुसरा. तिसऱ्या वेळी मला चुलीवर दोन खापरं दिसायला लागली, एक खरं आणि एक त्याच्या बाजूला थोडं वर. मी खऱ्यावर टाकला असं मला वाटलं. तो राखेत पडला.

"ध्यान कथं शे तुनं?" अक्का ओरडली. "बठ्ठा मांडा वाया गया!"

रात्री जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात तसाच राहिला. जबडा हलेना. मी तो हळूच बोटानं काढला आणि कुणाला दिसू नये म्हणून ताटाखाली सरकवला. सकाळी उठले तर सगळं जागच्या जागी! हात हलके, डोळे लख्ख. मी स्वतःलाच हसले.

ठणठणीत पेशंट

पण ते रोज व्हायला लागलं. दिवस चढला की पापण्या जड व्हायच्या, संध्याकाळी डावा डोळा अर्धा मिटायचा, आणि बोलता बोलता आवाज नाकात जायचा. उन्हात किंवा चुलीसमोर बसलं की जास्तच. झोपून उठलं की काही नाही.

तेव्हा जळगावला दाखवायचं ठरलं. आमच्याकडे जळगावला दाखवायला नेणं हा एक समारंभ असतो. जायच्या आदल्या दिवसापासून मला कामाला हात लावू दिला नाही. प्रवास झेपायला हवा ना! अक्का दर तासाला येऊन म्हणायची, "सकाय जळगावले जानं शे, आते आंग टाक." पहाटेची गाडी. गाडीत ह्यांनी खिडकीची जागा पकडून मला डोळे मिटून बसायला लावलं. सकाळच्या ओपीडीत आमचा नंबर लागला तोवर मी इतकी ताजीतवानी झाले होते की माझ्यापेक्षा डॉक्टरच दमलेले दिसत होते.

ते मेंदूचे डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगितलं, "काही नाही साहेब, अशक्तपणा. आणि ती जरा टेन्शन घेते."

हे मनाचे वाईट नाहीत. जळालेल्या पाण्याच्या मोटारी बांधून द्यायचं, दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, गिऱ्हाईकाच्या आधी मोटारीचा बिघाड ओळखायची सवय आहे. तीच सवय दवाखान्यात नडली. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, मी केले. डोळे इकडेतिकडे फिरवायला लावले, मी फिरवले. रक्त चांगलं, फोटो चांगला. "घाबरण्यासारखं काही नाही. काही दिवसांनी फोनवर कळवा, इतक्या लांब यायची गरज नाही," असं म्हणून त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या.

त्याआधी आणि नंतर दोन डॉक्टर झाले. एकानं चष्मा बदलला. दुसऱ्यानं बायकांच्या या वयात असं होतं असं सांगितलं आणि माझ्याकडे न बघता ह्यांना समजावलं की घरी सांभाळून घ्या. परतीच्या गाडीत मी रडले. मला राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. सगळेच चांगले वागत होते.

घरी संध्याकाळी पापणी पुन्हा खाली आली तेव्हा अक्कानं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "सकायले तं भली चांगली व्हती तू. काम उनं की डोया मिटस? सोंग करस का वं?"

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराईच्या ऑर्डरी यायला लागल्या. एक दिवस अक्का म्हणाली की भडगावची एक बाई हाताला चांगली आहे, तिला बोलावू या. तू पुरण वाट. हे तिनं रागानं म्हटलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. खापरासमोरची ती जागा सोडली तर माझी म्हणावी अशी दुसरी जागा मला नव्हती.

फोनवर का गेले

लोक मला विचारतात, दवाखाना सोडून फोनवर कशी गेलीस? त्यांना वाटतं मी फार हुशार. खरं सांगू? तोंडावर "तुम्हाला काही नाही" ऐकायचा कंटाळा आला होता. फोनवर तसं कुणी म्हटलं तर फोन बंद करता येतो, एवढाच माझा विचार होता.

माझी मुलगी सपना धुळ्याला दिली आहे. तिनं तिकडून त्याच जळगावच्या डॉक्टरांची फोनवरची वेळ घेऊन दिली. ओपीडी संपल्यावर संध्याकाळी ते व्हिडिओवर पेशंट बघायचे. त्या दिवशी शेजारच्या लग्नघराची ऑर्डर होती आणि भडगावची बाई आली नव्हती. फोनवर तर बोलायचंय, त्याला आराम कशाला, म्हणून मी दिवसभर चुलीसमोर होते. वेळ झाली तेव्हा मी अंगणातच, पिठानं माखलेल्या हातांनी, फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसले. हे दुकानात होते. बाजूला फक्त अक्का, मांड्यांच्या घड्या घालत.

डॉक्टर दिसले. मी नमस्कार केला.

"ताई, सर्दी झालीय का? आवाज नाकातून येतोय."

"नाही साहेब. संध्याकाळी असाच येतो."

ते पुढे झुकले. त्यांचं कपाळ स्क्रीनभर झालं. "आणि हा डावा डोळा?"

"तोही संध्याकाळीच."

"त्या दिवशी असं काहीच नव्हतं."

"त्या दिवशी सकाळ होती. आणि आदल्या दिवसापासून मला झोपवून ठेवलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"हे बोलत होते ना," मी म्हटलं, आणि मला एकदम हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत.

त्यांनी मला अंगणावरच्या पत्र्याच्या छताकडे बघत राहायला सांगितलं. पापणी न हलवता, नुसतं वर. मी बघत राहिले. थोड्या वेळानं छत दोन झालं आणि मग डोळ्यावर पडदा ओढावा तशी पापणी आपली आपण खाली आली. मी काहीच केलं नव्हतं.

"घरात बर्फ आहे?"

अक्कानं कुरकुरत फ्रिजमधून बर्फ आणला. डॉक्टरांनी तो रुमालात गुंडाळून मिटलेल्या पापणीवर धरायला सांगितला. धरला. त्यांनी थांबा म्हटलं तेव्हा काढला, आणि डोळा उघडला. पूर्ण. मला फोनमधले डॉक्टर एकच दिसत होते.

"उघडना!" अक्का घडी टाकून उठली. "दख वं, डोया उघडना!" मग ती फोनसमोर वाकली आणि डॉक्टरांनाच दटावल्यासारखं म्हणाली, "तुम्ही तथा जळगावले बसीसन दखतस, आनि माले आठे बाजूले बसीसन दखायनं नई."

डॉक्टर म्हणाले, "अक्का, मलाही समोर बसून दिसलं नव्हतं." मग मला म्हणाले, "उद्याच या. पण दुपारनंतर या. आणि आराम करून येऊ नका."

फोन बंद झाल्यावर मी हमसून हमसून रडले. आपल्याला खराखुरा आजार आहे याचा इतका आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. अक्का माझ्या पाठीवरून पिठाचा हात फिरवत राहिली. तिनं माफी मागितली नाही, ते तिच्यात नाहीच. पण भडगावच्या बाईला तिनं त्याच संध्याकाळी फोन करून नको म्हणून सांगितलं.

नाव मिळालं

त्या आजाराचं नाव मायस्थेनिया. नसा स्नायूंना जो निरोप देतात तो दिवस चढेल तसा पोचेनासा होतो, एवढं मला समजलं आणि तेवढं पुरलं. गरमीनं वाढतो. म्हणजे मी रोज माझ्या आजाराला चुलीवर शेकत होते.

जळगावच्या दवाखान्यात हाताला छोटे छोटे विजेचे झटके देऊन तपासलं, रक्त बाहेरगावी पाठवलं, छातीचा मोठा फोटो काढला. तिथे काही दिवस ठेवून घेतलं. तिथला दिवस गोळीच्या वेळांनी चालायचा. नर्स दारात दिसली की माझा हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे जायचा. गोळी घेतल्यावर काही वेळात पापण्या हलक्या व्हायच्या आणि मी आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांशी चौकशा करत बसायचे.

नाव ऐकल्यापासून हे मात्र गप्प झाले. डॉक्टरांनी काही विचारलं की माझ्याकडे बघायचे. एका संध्याकाळी मला भाकरी चावेना. त्यांनी ती दुधात कुस्करली आणि चमचा पुढे केला. मग खाली बघत म्हणाले, "मी बोलनू म्हनीसन उशीर व्हयना का?" मी हो म्हटलं असतं तर खोटं नव्हतं, आणि नाही म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं. मी म्हटलं, "मीठ कमी आहे." ते हसले, आणि डोळे पुसायला बाहेर गेले.

वेटिंग हॉलमधल्या चौकशा

पुढे तपासणीला जायला लागले तेव्हा मला छंद लागला. बाकावर शेजारी कोण आहे ते बघायचं आणि विचारायचं, तुम्ही फोनवर दाखवता का? का दाखवता? लोक सांगतात. आजारी माणसाला ऐकणारा मिळाला तर तो फार मोकळा होतो.

मला वाटलं होतं सगळे अंतराचं सांगतील. तसे सांगणारे होतेच. पहूरकडची एक बाई म्हणाली, इथे आलं की मजुरीचा दिवस बुडतो, दुसरं काय. पण रावेरकडचा एक केळीवाला तरुण, त्याला फिट यायची, तो आवाज खाली करून म्हणाला की इथे ओळखीचं कुणी दिसलं तर बातमी आपल्या आधी गावात पोचते, आणि घरात त्याचं लग्न जमवणं चाललंय. एक आबा होते, हात थरथरायचे. ते म्हणाले, "आठे डॉक्टर कॉम्प्युटरकडे दखस. फोनवर माले दखस." मी इतकी हसले की नर्सनं गप्प बसायला सांगितलं. आणि एक मास्तर असे भेटले जे फोन सोडून पुन्हा दवाखान्यात यायला लागले होते. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांनी मनगट हातात धरलं की बरं वाटतं. मला तेही पटलं.

म्हणून फोनचं फार कौतुक कुणी करू नये. थंडीच्या शेवटी मला खोकला झाला आणि मी तेव्हा फोनवर इतकी खूश होते की दवाखान्यात जायचं टाळत राहिले. दम लागायला लागला तेव्हा दुपारी डॉक्टरांना व्हिडिओ लावला आणि हसून म्हटलं, "थोडंसंच आहे."

"ताई, एका दमात क ची बाराखडी म्हणा."

मी सुरू केली. क, का, कि, की, कु... आणि पुढे श्वासच नव्हता. मी शाळेतल्या पोरीसारखी ओशाळून त्यांच्याकडे बघत राहिले.

"फोन ठेवा आणि गाडी काढा," डॉक्टर म्हणाले. "मला इथून तुमची छाती ऐकू येत नाही."

ह्यांनी गाडी अशी चालवली की मी घाबरायचंच विसरले. मग आयसीयू, नाकातोंडाला मास्क, शिरेतून थेंब थेंब औषध. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. भीती वाटली, खूप वाटली. तिथून बाहेर आले तेव्हा ठरवलं, श्वास, गिळणं आणि छाती यांच्या बाबतीत फोनवर बोलत बसायचं नाही, आणि विचारल्याशिवाय कुठलीही गोळी तोंडात टाकायची नाही. माझ्यासारखा आजार असलेल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

अक्काचा नंबर

घरी आल्यावर मी दुपारी पडून असायचे. एकदा अक्का लसूण सोलायचं निमित्त करून माझ्या खाटेशी येऊन बसली. बराच वेळ सोलत राहिली. मग टोपलीकडे बघत म्हणाली, "मना बी एक नंबर लाव तठे."

"कुणाचा? मेंदूच्या डॉक्टरचा?"

"नई वं. बाईमानूस पायजे. बायकायनी डॉक्टर."

मी उठून बसले. "काय होतंय अक्का? आपण जळगावलाच जाऊ या ना. हे नेतील."

"भाऊ संगे येस," ती म्हणाली. "भाऊसमोर कसं सांगू वं?"

एवढं बोलून ती पुन्हा सोलायला लागली. सोललेल्याच पाकळ्या ती पुन्हा सोलत होती. किती वर्षं झाली असतील, मला विचारवेना. कमरेवरचा तो हात आणि, सारखं उठावं लागू नये म्हणून, ऑर्डरच्या दिवशी कोरडं ठेवलेलं ते तोंड मी रोज बघत होते, आणि त्याला करारीपणा म्हणत होते. सोंग कोण करत होतं मग?

सपनानं धुळ्याच्या एका बाई डॉक्टरांची वेळ घेतली. मी खोलीत फोन लावून दिला, दार ओढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर दाराला पाठ लावून बसले. आतून अक्काचा आवाज येत होता, शब्द नव्हते. इतका हळू आवाज तिला काढता येतो हेच मला माहीत नव्हतं. तेवढ्यात हे दुकानातून आले.

"आतमा कोन शे?"

"अक्का. फोनवर बोलतेय."

"कोनशी?"

"तुम्ही हातपाय धुवा आधी."

ते एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे बघून मुकाट्यानं मोरीकडे गेले. पुष्कळ सुधारले आहेत.

बाई डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायला धुळ्याला बोलावलं. जायच्या दिवशी अक्का ट्रंकेतली चांगली साडी काढायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. "अक्का, आहे तशी चल." आम्ही दोघीच गेलो. तपासणीच्या खोलीत ती एकटी गेली आणि मी बाकावर बसून राहिले. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा सैल पडला होता. पुढे तिचं छोटं ऑपरेशन झालं. काय होतं, ते तिनं सांगितलं नाही. जगाच्या चौकशा करणारी मी, पण तिला मी ते आजवर विचारलेलं नाही.

यंदाच्या आखाजीला आम्ही अंगणात चूल मांडली, पण सकाळीच. गिऱ्हाइकांना अक्कानं ठणकावून सांगितलं होतं की मांडे दुपारच्या आत मिळतील, नंतर पाहिजे असतील त्यांनी दुसरीकडे जावं. गोळी वेळेवर घेऊन, बाजूला पंखा लावून, मी खापरासमोर बसले. थोडेच केले. माझा पहिला मांडा कोपरापर्यंत पसरला आणि फाटला नाही. अक्कानं तो खापरावरून काढला, उलटापालटा करून पाहिला आणि नाक मुरडलं. म्हणजे चांगला झाला होता.

ऊन वाढत गेलं. अक्काच्या कपाळावरून घाम चुलीत ठिबकायला लागला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मंगल, पानी दे वं माले."

मी तांब्या भरून दिला. तिनं तो तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, आणि पुढचा उंडा हातावर घेतला.